मास्टर्सला आर्किटेक्चरल डिझाइन करताय? या चुका टाळा

बॅचलर्सला ज्यांचं डिझाइन भारी असतं, तेच बऱ्याचदा मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला अडकतात, हे मी माझ्या बॅचमध्ये पाहिलं आणि आता ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांची डिझाइन तपासायला, बसते तेव्हाही बघते. आधी ब्रीफ, म्हणजे काय डिझाइन करायचं त्याची मागणी, आयती मिळायची, साइट ही, एरिया एवढा, खोल्या एवढ्या. आता ती स्वतः लिहायची असते, आणि पहिला घोळ तिथेच होतो, विषय आभाळाएवढा घेतला जातो.

माझा विषय होता 'उजेड आणि वास्तू'. तीन महिने नुसतं वाचलं, वह्या भरल्या आणि कागदावर एक रेघ ओढता येईना. मग गाइडनी विचारलं, याचं उत्तर तुझ्या कुठल्या ड्रॉइंगमध्ये दिसणार? माझ्याकडे काहीच नव्हतं. विषय छाटत छाटत 'वाचायच्या टेबलावर थेट ऊन न पडता दिवसभर उजेड कसा आणायचा' इथपर्यंत आले तेव्हा कुठे काम सुरू झालं. तुम्हीही अडकला असाल तर स्वतःला हाच प्रश्न विचारा. ड्रॉइंग किंवा मॉडेलवर तपासता येत नसेल तर विषय अजून मोठाच आहे.

दुसरी चूक केस स्टडीची. दहा बिल्डिंगचे फोटो, आर्किटेक्टचं नाव, वर्ष, झालं! त्यापेक्षा एकच घ्या आणि तिचं सेक्शन, म्हणजे बिल्डिंग उभी कापली तर आत जे दिसेल त्याचं ड्रॉइंग, स्वतःच्या हाताने परत काढा. मी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कानचं किंबेल आर्ट म्युझियम घेतलं होतं, टेक्सासमधलं, 1972 चं. फोटोत नुसतं सुंदर छत दिसतं. सेक्शन काढायला बसलं की कळतं की गॅलरीवरच्या 100 फूट लांब, 23 फूट रुंद अशा प्रत्येक व्हॉल्टला, म्हणजे कमानीसारख्या लांब छताला, माथ्यावर फट आहे, खाली ॲल्युमिनियमचा वाकवलेला रिफ्लेक्टर आहे, ऊन त्याच्यावर आपटून आधी छताच्या काँक्रीटवर पसरतं आणि मग खाली येतं. ही गोष्ट हाताने काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही, खरंच सांगते.

रेंडरची, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या खऱ्यासारख्या चित्राची, घाई तर अजिबात नको. प्लॅन ठरलेला नसताना चकचकीत रेंडर काढलं की आपणच त्याच्या प्रेमात पडतो आणि मग चुकीची भिंतसुद्धा हलवावीशी वाटत नाही. आणि रेंडरमधलं ऊन खरं वाटत नसेल तर आधी सॉफ्टवेअरमध्ये साइटचं लोकेशन आणि उत्तर दिशा टाकलीये का ते बघा, हे विसरलेलं मी कितीदा पाहिलंय. उजेडाचा प्रश्न असेल तर एका खोलीचं 1:20 चं, म्हणजे खऱ्यापेक्षा वीसपट लहान, पुठ्ठ्याचं मॉडेल करा, उन्हात न्या, मोबाईलचा कॅमेरा आत घालून सकाळी, दुपारी, संध्याकाळी फोटो काढा. डिझाइन पुढेच सरकत नसेल तेव्हाही स्केल बदलून बघा, 1:500 वर अडलेली गोष्ट 1:20 वर पटकन सुटते.

क्रिटमध्ये, म्हणजे डिझाइन सगळ्यांसमोर मांडून त्यावर मतं ऐकताना, कोणी काही बोललं की दुसऱ्या दिवशी सगळं डिझाइन बदलायचं नाही. मित्राला शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगा, दोन दिवसांनी वाचा आणि आपल्या प्रश्नाशी जे जुळतं तेवढंच घ्या.

आणि प्रिंट. स्क्रीनवर झूम करून सगळं छान दिसतं, पण ए1 शीटवर लाइनवेट, म्हणजे रेघांची जाडी, एकसारखे झालेले असतात आणि कापलेली भिंत कुठली तेच कळत नाही. आठवडाभर आधी ए3 वर ट्रायल प्रिंट काढा, त्याची लांबी-रुंदी ए1 च्या निम्मी असल्यामुळे त्यावर 1:100 चं ड्रॉइंग 1:200 होतं हे लक्षात ठेवा, आणि भिंतीवर लावून चार पावलं मागे जाऊन बघा.