कॉलमचा निळा रंग उडाला तेव्हा

मुंबईतल्या कॉलेजात बीएस्सी बायोटेकच्या मुलांना प्रथिन शुद्धीकरण पहिल्यांदा शिकवलं, तेव्हा मी एक रंगहीन एन्झाइम निवडलं होतं. दोन दिवस खपून शेवटच्या नळीत काहीच नाही. प्रथिन नेमकं कुठे गेलं हेही सांगता येईना, कारण मधल्या टप्प्यांचे नमुने ठेवा असं मी सांगितलंच नव्हतं. मुलांचे उतरलेले चेहरे अजून आठवतात.

म्हणून नव्याने शिकवणाऱ्यांना माझा आग्रह आहे, सुरुवात हिस-टॅग (निकेलला चिकटणारी हिस्टिडाइनची छोटी शेपटी) लावलेल्या जीएफपीने करा. जेलीफिशमधलं हे हिरवं चमकणारं प्रथिन. त्यावरच्या कामाला 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अतिनील टॉर्च धरला की प्रथिन कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं. मुलांना गॉगल मात्र घालायला लावाच.

वेळेचं गणित आधी बसवा. विरार-बदलापूरहून येणाऱ्या मुलांना रात्री आठपर्यंत थांबवता येत नाही. आम्ही दुपारी आयपीटीजी (जीवाणूंना हे प्रथिन बनवायला लावणारं रसायन) घालतो आणि जीवाणूंचं कल्चर कमी तापमानाला रात्रभर शेकरवर ठेवतो. 37 अंशांवर घाई केली तर बरंचसं प्रथिन नीट घडी न पडता गोळा होऊन पेशींच्या गाळात बसू शकतं. फ्लास्क एक पंचमांशच भरा; जीएफपीची चमक तयार व्हायला ऑक्सिजन लागतो.

दुसऱ्या वर्षी निकेलच्या कॉलमवर (निकेल धरलेले दाणे भरलेली नळी) एका गटाने पेशींचा अर्क ओतला आणि एक मुलगी ओरडली, "मॅडम, निळा रंग गेला!" खरंच, फिकट निळे दाणे पांढरे पडले होते. टॉर्च धरला तर खालून निघालेलं पाणीच हिरवं चमकत होतं. पेशी फोडायला त्यांनी डीएनएच्या प्रॅक्टिकलची बाटली उचलली होती. तिच्यात ईडीटीए होतं. ईडीटीए निकेलला धरून ओढून नेतं. मग हिस-टॅगला चिकटायला उरतं काय? ही पकड अशी असते हे मी फळ्यावर तीनदा सांगितलं होतं. कळलं ते त्या दिवशी.

आता प्रत्येक गट गाळ, अर्क, न चिकटलेला भाग, 20 मिलीमोलर इमिडॅझोलची (निकेलवरून टॅग सोडवणारं रसायन) धुवण आणि 250 मिलीमोलरची शेवटची नळी, या सगळ्यांचे थेंब बर्फात जपून ठेवतो आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर शेजारी शेजारी चालवतो. जीएफपीचा सुमारे 27 किलोडाल्टनचा पट्टा कोणत्या रांगेत आहे, एवढंच विचारते. गुण उत्तराच्या कारणाला, नळीतल्या प्रथिनाला नाही.

तो कॉलम आम्ही टाकून दिला नाही. हातमोजे घालून मी त्यावर निकेल सल्फेट सोडलं (निकेल विषारी, त्याच्या टाकाऊ द्रावाची बाटली वेगळी ठेवा, सिंकमध्ये नको), आणि वर्ग कॉलमभोवती वाकून निळा रंग वरून खाली उतरताना बघत राहिला.