ब्रॉयलरला पाण्यातून टॉनिक द्यायचं, पण हिशेबाने

ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचं, वजन वाढतं ते खाद्याने. पाण्यातल्या टॉनिकचा (व्हिटॅमिन, क्षार वगैरेंचा) उपयोग त्या वेळी, जेव्हा पक्षी खाद्य टाकतो पण पाणी पीत राहतो: उन्हाचा ताण, लसीकरण, लांबचा प्रवास. रोज बाटली ओतायची सवय म्हणजे खिशाला भोक.

आधी पाणी. नागपूरच्या आसपास बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. निप्पलच्या, म्हणजे पक्षी चोच मारून पाणी पितात त्या तोटीच्या, पिनवर पांढरा थर बसतो, मग ती अडकते नाहीतर गळत राहते. पीएचची पट्टी बुडवून बघा. 7.5 च्या वर असेल तर 100 लिटरमध्ये ॲसिडिफायर (पाण्याचा पीएच उतरवणारं आम्ल) थोडं थोडं घालून 6 ते 6.5 वर आणा. 5 च्या खाली नेलंत तर पाणी आंबट लागतं आणि पिणं घटतं. जंतूंसाठी 33 टक्क्यांची ब्लीचिंग पावडर 1000 लिटरला 10 ग्रॅम. ती वेगळ्या बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत घाला. ब्लीचिंग आणि ॲसिडिफायर एका बादलीत कधीच कालवू नका, विषारी वायू निघतो. ब्लीचिंगमधलं क्लोरीन टॉनिकमधलं व्हिटॅमिन सी खाऊन टाकतं. म्हणून क्लोरीनचं पाणी रात्री, टॉनिक सकाळी बिनक्लोरीनच्या छोट्या टाकीतून.

आता मात्रा. इथेच सगळे चुकतात. बाटलीवर ‘1000 पक्ष्यांना 100 मिली’ असं असतं आणि माणूस ती अख्खी दिवसभराच्या टाकीत ओततो. औषध सकाळच्या चार तासांत पोटात जायला हवं. आदल्या दिवशी टाकीवर खडूने खूण करा, सकाळी 6 ते 10 मध्ये पाणी किती उतरलं ते मोजा आणि तेवढ्याच पाण्यात मात्रा कालवा. साधारण हवेत पाणी खाद्याच्या दुप्पट जातं: 1000 पक्ष्यांनी 50 किलोची दोन पोती संपवली तर 200 लिटरच्या आसपास. मे महिन्यात तेच 300 च्या वर जातं. त्यामुळे ‘एका लिटरला इतके ग्रॅम’ लिहिलेलं औषध उन्हाळ्यात आपोआप दीडपट पोटात जातं. इलेक्ट्रोलाइटमधलं (क्षारांच्या टॉनिकमधलं) मीठ असं जास्त झालं की विष्ठा पातळ, गादी (जमिनीवरचा भुसा) ओली आणि शेडमध्ये अमोनियाने डोळे चुरचुरतात.

पिल्लं उतरली की पहिले पाच-सहा तास गुळाचं पाणी, लिटरला 50 ग्रॅम गूळ, गाळून. दिवसभर ठेवलं तर ढुंगणाला विष्ठा चिकटते. पाण्यातून लस द्यायची असेल तर 48 तास आधीपासून 24 तास नंतरपर्यंत क्लोरीन आणि ॲसिडिफायर दोन्ही बंद. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी घाला.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 45 ला टेकतो तेव्हा खाद्य 11 ते 4 उचलून घ्या आणि त्या वेळी इलेक्ट्रोलाइट द्या. व्हिटॅमिन सी 100 लिटरला 10 ते 12 ग्रॅम पुरतं. खायचा सोडा आणि ॲसिडिफायर एकत्र देऊ नका, एक दुसऱ्याला मारतो. मुख्य म्हणजे पाणी गार हवं. टाकीवर ओलं बारदान टाका आणि दुपारी निप्पलच्या पाइपलाइनच्या टोकाची तोटी उघडून तापलेलं पाणी सोडून द्या. हात लावून कोमट लागत असेल तर पक्षी चोच बुडवून मागे होतो. मग त्यात कितीही महागडं औषध असो.

वाढीसाठी म्हणून अँटिबायोटिक घालणं तर नकोच. पूर्वी सर्रास जाणाऱ्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर सरकारने खाद्य-जनावरांसाठी 2019 मध्येच बंदी घातली आहे.

टॉनिक संपलं की त्याच दिवशी लाइन साध्या पाण्याने जोरात धुवा. साखर आणि व्हिटॅमिनवर पाइपच्या आत बुळबुळीत थर वाढतो. शेवटचं निप्पल उघडून पाइपच्या आत बोट फिरवा. चिकट लागलं तर अजून धुवायचं बाकी आहे.