अमेरिकन कप, आपला कप आणि बिबिंका

नाताळाच्या तोंडावर अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून बिबिंकाची, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाची, कृती येते आणि त्यात सगळं कपात असतं. तिथला कप २३७ मिलिलिटरचा. आपल्याकडे मिळणारे मापाचे कप कधी २४०, कधी २५० चे. २४० चा चालून जातो. २५० च्या कपाने तीन कप नारळाचा रस घेतला, तर ७१० ऐवजी ७५० मिलि होतो. सगळंच त्याच कपाने मोजलं तर प्रमाण बिघडू नये, असं वाटतं. पण अंडी नगावर मोजतात, ती वाढत नाहीत. मग थर नीट धरत नाही आणि दोष ओव्हनला.

म्हणून कप बाजूला ठेवा, मिलिच्या खुणा असलेलं भांडं घ्या. ते ओट्यावर ठेवून, डोळे खुणेच्या पातळीवर आणून वाचा. वरून पाहिलं की माप चुकतं.

टेबलस्पून १५ मिलि, टीस्पून ५. फ्लुइड औंस २९.५७ मिलिचा, थोड्या मापाला ३० ने गुणा. १३.५ औंसांचा नारळरसाचा डबा म्हणजे ४०० मिलि, आपले २०० चे दोन पॅक. गॅलनला मात्र ही युक्ती नको: १२८ औंस गुणिले ३० म्हणजे ३,८४० मिलि, खरा अमेरिकन गॅलन ३,७८५ चा. ब्रिटिश गॅलन तर ४.५४६ लिटर.

नुसतं ‘औंस’ लिहून पुढे मैदा किंवा साखर असेल तर ते वजन, २८.३५ ग्रॅम. तिथे तराजूच काढा.