'दानं' या शब्दापासून सुरुवात

आम्ही होमस्कूलिंग सुरू केले तेव्हा मुलगी 11 वर्षांची आणि मुलगा 8 वर्षांचा होता, आणि प्राचीन इतिहासाचे माझे ज्ञान दहावीच्या परीक्षेपाशीच थांबलेले होते. मुलांच्या चार धडे पुढे राहावे म्हणून मी रात्री वाचून सकाळी शिकवत असे. सिंधू संस्कृतीपासून गुप्तकाळापर्यंतच्या सनावळ्यांचा तक्ताही भिंतीवर लावला होता. तीन महिन्यांत आम्ही तिघेही कंटाळलो. म्हणूनच नव्या पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की मुलांइतकेच आपल्यालाही अनोळखी असलेले काहीतरी हाती घ्यावे. आमच्यासाठी ती ब्राह्मी लिपी, म्हणजे अशोकाच्या शिलालेखांची प्राचीन लिपी, ठरली.

ब्राह्मीतला 'क' अधिकच्या चिन्हासारखा, 'ठ' म्हणजे वर्तुळ, आणि त्याच वर्तुळात टिंब दिले की 'थ'. मराठी वाचणाऱ्याला बाराखडीची रीत ठाऊक असतेच. फक्त अक्षरांची आणि काना-मात्रांची वळणे नव्याने शिकावी लागतात. रोज तीन अक्षरे पाटीवर गिरवली, आणि महिनाभरात मुले एकमेकांना ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहू लागली. माझ्या चुका मुलगी दुरुस्त करत असे, आणि अभ्यासाला खरा रंग तिथेच चढला.

सांचीच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यांवरील छोटे छोटे लेख एकाच शब्दाने संपतात, तो 'दानं' असावा, या तर्काचा धागा धरून इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेपने 1837 मध्ये ब्राह्मी उलगडली. ही हकिगत सांगून मगच मुलांना कार्ल्याच्या लेण्यांना न्यावे. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी वाढण्याआधी, सकाळी लवकर पोहोचावे आणि सोबत विजेरी ठेवावी, कारण उजेड बाजूने तिरपा पाडला की झिजलेली अक्षरे उठून दिसतात. लेखाला हात मात्र लावू नये. चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, खांबांवर धेनुकाकट या प्राचीन गावातील यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दाने नोंदलेली आहेत. अशाच एका खांबापाशी मुलाला आधी वर्तुळातले टिंब दिसले, मग त्याने अडखळत 'थभो दानं', म्हणजे 'स्तंभाचे दान', असे वाचले. ग्रीक माणूस मावळात कशाला आला, हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नामागे जाताना कोकणातली बंदरे, घाटवाटा आणि सातवाहन असे सारे ओघाने आले.

आता आम्ही ब्राह्मीतले आकडे शिकत आहोत, कारण नाणेघाटातल्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे हिशेब आकड्यांत कोरलेले आहेत.