रोमन इमारतीच्या उत्खननात मातीचे थर कसे वाचावेत

खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा स्तररचनेचा मूळ नियम खरा असला तरी रोमन इमारतीत तो एकटा पुरत नाही, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाया खणलेला असतो, कोणी जमीन उंचावलेली असते, तर कोणी भिंतीचे दगडच काढून नेलेले असतात. म्हणून थराइतकेच लक्ष थर कापून गेलेल्या खोदकामाच्या कडांकडे द्यावे. पायाचा चर, त्यात बांधलेली भिंत आणि चराची कड व भिंत यांच्यामधला भराव या तीन निरनिराळ्या घटना आहेत, त्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र नोंदपत्र द्यावे. या क्रमांकांचा आधी-नंतरचा संबंध दाखवणारा तक्ता पुरातत्त्वज्ञ एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये इंग्लंडमधील विंचेस्टरच्या उत्खननांच्या नोंदींवर काम करताना तयार केला. तो काम चालू असतानाच भरत जावा, कारण शंका आली तर थर अजून जागेवर असतो.

पृष्ठभाग थापीने स्वच्छ करून तो किंचित ओला असताना पाहावा, कारण वाळलेल्या मातीत रंगातले फरक पुसट होतात. रंग मन्सेल तक्त्यावरून, म्हणजे मातीच्या रंगांच्या प्रमाणित तक्त्यावरून, नोंदवावा, मात्र पोत, घट्टपणा आणि कोळसा, चुना व विटांचे तुकडे यांचे प्रमाणही लिहावे. खोदताना सर्वांत शेवटी साचलेला थर सर्वांत आधी, त्याच्या पूर्ण आकारात काढावा.

खोलीच्या आत सहसा सपाटीकरणाचा भराव, त्यावर चुना आणि विटांच्या भुग्याची, म्हणजे सुरखीची, जमीन आणि तिच्यावर पायांनी तुडवलेला पातळ काळसर थर असा क्रम दिसतो. हा काळसर थर काही मिलिमीटरचाच असतो आणि घाईत हमखास निसटतो, पण इमारतीतील वावराचा थेट पुरावा तोच असतो. भिंतीबाहेर दगडाच्या कपच्या आणि सांडलेला चुना यांचा पट्टा आढळल्यास तो बांधकामाच्या वेळची जमीन दाखवतो.

पडझडीचा क्रम विशेष काळजीने पाहावा. कौले थेट जमिनीवर पडलेली असतील, तर छप्पर कोसळेपर्यंत खोली बहुधा स्वच्छ होती. जमीन आणि कौले यांच्यामध्ये गाळ असेल, तर इमारत आधीच ओस पडली होती. कौले फारच थोडी असतील, तर ती दुसरीकडे वापरण्यासाठी उतरवून नेली असावीत. भिंतीच्या जागी चुन्याच्या चुऱ्याने भरलेला चर मिळाला, तर तो दगड काढून नेणाऱ्यांचा असतो. त्यात मिळालेले मध्ययुगीन खापर लुटीविषयी सांगते, भिंतीच्या बांधणीविषयी नव्हे. असा चर जमीन आणि भिंत यांचा सांधाच कापून टाकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या जमिनी एकाच काळातल्या आहेत असे गृहीत धरू नये.

कालनिर्णय क्रम ठरल्यावरच करावा. थरातील सर्वांत उशिराची वस्तू एवढेच सांगते की तो थर तिच्या आधीचा नाही. नाणी दीर्घकाळ चलनात राहतात, तर जुनी खापरे भरावाबरोबर वर येतात. लंडनमध्ये ब्रिटनची राणी बूडिका हिने रोमनांविरुद्ध केलेल्या उठावात, इसवी सन ६० किंवा ६१ मध्ये, जळालेल्या मातीच्या भिंतींचा लाल थर प्रसिद्ध आहे. पण त्याच शहरात दुसऱ्या शतकातही मोठी आग लागली होती, म्हणून लाल रंगावरून वर्ष ठरवता येत नाही.

गांडुळांचाही हिशोब धरावा. डार्विन यांनी १८७७ मध्ये सरे परगण्यातील अ‍ॅबिंजर येथील रोमन अवशेषांत गांडुळे जुन्या फरशीतूनही वर येतात हे पाहिले होते. बारीक खापर किंवा लहान नाणे त्यांच्या बिळांतून खाली उतरू शकते, तेव्हा एकाच वस्तूवर तारीख टांगू नये.

सर्वांत वरची काळी माती आणि दगडमातीचा ढीग मोझेइकपर्यंत, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या नक्षीदार फरशीपर्यंत, पोहोचण्याच्या उतावळेपणात यंत्राने खरवडणे, हे माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान आहे. इंग्लंडमधील रॉक्सेटर या रोमन शहराच्या जागी पुरातत्त्वज्ञ फिलिप बार्कर यांनी स्नानगृहाच्या सभागृहावरील असा ढीग इंच-इंच स्वच्छ करून नकाशावर उतरवला, तेव्हा त्यात नंतरच्या लाकडी इमारतींच्या बैठका ओळखता आल्या. म्हणून पडलेला दगडही उचलण्याआधी नकाशावर घ्यावा आणि त्याखालील मातीचा नमुना क्रमांकासह राखून ठेवावा.