पंचांग आणि बायनॉक्युलर घेऊन ग्रह पाहताना

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पावसाळा ढगांतच जात असल्यामुळे ग्रहनिरीक्षणाला दिवाळीनंतर आरंभ करावा. ग्रह पाहण्यासाठी गडद अंधार लागत नाही. शहापूर-वडगावातील घराची गच्चीही पुरते.

प्रथम घरातले पंचांग उघडावे. आपली बहुतेक पंचांगे निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने राशी मोजणारी, असल्यामुळे त्यांत दिलेली ग्रहाची रास आकाशातील त्याच नावाच्या तारकासमूहाशी बरीचशी जुळते. (फलज्योतिषाची पाने येथे उपयोगाची नाहीत.) गुरू एका राशीत साधारण वर्षभर, तर शनी अडीच वर्षे असतो, म्हणून हे दोघे एकदा सापडले की पुन्हा चुकत नाहीत. बुध मात्र सूर्यापासून 28 अंशांपलीकडे जात नाही. त्यासाठी राजहंसगडासारखे मोकळे क्षितिज हवे.

खरी मौज गुरूची आहे. 10×50 चे, म्हणजे दहा पट मोठे दाखवणारे आणि 50 मिलिमीटर भिंगाचे बायनॉक्युलर घेऊन कोपरे कठड्यावर घट्ट टेकवावीत. हात हलला तर काहीच दिसत नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एका रेषेत असलेले बारीक ठिपके हे गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिलेले चंद्र होत. रोज ठरावीक वेळी वहीत मधोमध वर्तुळ काढून ठिपके मांडत जावे. आयो सुमारे 42 तासांत, युरोपा साडेतीन दिवसांत, गॅनिमीड आठवड्याभरात आणि कॅलिस्टो जवळजवळ 17 दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्यामुळे सर्वांत दूर जाऊन सावकाश परतणारा ठिपका कॅलिस्टो समजावा. चारांपैकी एखादा नसेल, तर तो गुरूच्या पुढे, मागे, सावलीत किंवा झगमगाटात असतो. यांतला गॅनिमीड बुधापेक्षाही मोठा आहे.

शनीच्या कड्यांसाठी निदान तीस पटींची दुर्बीण लागते. तीत टायटन हा त्याचा चंद्रही दिसतो. युरेनस व नेपच्यून नकाशाशिवाय शोधू नयेत. 2006 पासून बटुग्रह ठरलेल्या प्लुटोचा नाद घरगुती साधनांनी करू नये.

अंधार लागतो तो लहान वस्तूंना. 13-14 डिसेंबरच्या रात्री जांबोटीच्या बाजूला एखाद्या मोकळ्या माळावर घोंगडे अंथरून उताणे पडावे. मिथुन राशीतून आल्यासारख्या दिसणाऱ्या उल्का फेथॉन या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांच्या असतात. त्या वेळी बायनॉक्युलर बाजूला ठेवावे, मोबाइल बंद करावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी किमान वीस मिनिटे द्यावीत. मध्यरात्रीनंतर मिथुन डोक्यावर येते, तेव्हा उल्का अधिक दिसतात.