युद्धकाळातील उपरोधिक टोपणनावे कशी वाचावीत आणि मराठीत कशी आणावीत

दुसऱ्या महायुद्धाविषयीच्या आठवणी, रोजनिशा आणि चरित्रे वाचताना, विशेषतः त्यांचा मराठी अनुवाद करताना, पुढारी व सेनापती यांची उपरोधिक टोपणनावे वारंवार समोर येतात. त्यांच्याकडे नुसती गंमत म्हणून पाहून पुढे जाऊ नये. उघड बोलण्याची सोय नसलेल्या माणसांनी मागे ठेवलेली ती साक्ष असते आणि कोणतीही साक्ष तपासावी तशीच ती तपासावी लागते.

सर्वप्रथम नाव कोणाच्या तोंडचे आहे ते ठरवावे. शत्रूने दिलेले नाव, आपल्याच सैन्यातील शिपायांनी दिलेले नाव आणि वृत्तपत्रांनी रुजवलेले नाव यांत फार अंतर असते. कधी कधी तर एकच नाव दोन तोंडी दोन अर्थांनी फिरते. अमेरिकेचे जनरल जॉर्ज पॅटन यांचे ‘ब्लड अँड गट्स’ हे बिरुद त्यांच्या चाहत्यांना शौर्याचे वाटे, तर हाताखालचे शिपाई ‘रक्त आमचे, छाती त्यांची’ अशा अर्थाची पुस्ती त्याला जोडत. अनुवादात ही पुस्ती गाळली, तर उपरोध नाहीसा होऊन केवळ कौतुक उरते.

त्यानंतर नावामागचे मूळ वाक्य शोधावे, कारण बहुतेक बोचरी नावे त्या माणसाच्या किंवा त्याच्या खुशमस्कऱ्यांच्याच शब्दांतून घडलेली असतात. जर्मन हवाई दलाचा प्रमुख हेरमान गोअरिंग याने, शत्रूचे विमान रूरच्या औद्योगिक प्रदेशापर्यंत पोहोचले तर मला ‘मायर’ म्हणा, अशा आशयाची बढाई मारली होती. मायर हे जर्मनीतील अगदी सर्वसाधारण आडनाव आहे. १९४० च्या मे महिन्यात रूरवर ब्रिटिश बॉम्ब पडू लागले आणि पुढे लोक गोअरिंगला मायर व हवाई हल्ल्याच्या भोंग्यांना ‘मायरची शिंगे’ म्हणू लागले. ‘तसे झाले तर नाव बदलून ठेवीन’ अशी पैज मराठी माणूसही मारतो, त्यामुळे हे नाव आपल्याकडे आणणे सोपे आहे: नाव ‘मायर’च ठेवावे आणि ते पहिल्यांदा येते तिथे पैजेचे एक वाक्य द्यावे.

हिटलरचे ‘ग्र्योफात्स’ हे नाव मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडल्यावर जर्मन सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयाचा प्रमुख, पुढे फील्ड मार्शल झालेला विल्हेल्म कायटेल याने हिटलरला ‘सर्व काळांतील सर्वश्रेष्ठ सेनापती’ म्हटले. स्टालिनग्राडला १९४३ च्या फेब्रुवारीत जर्मन सैन्याने शरणागती पत्करल्यावर त्याच स्तुतीतील जर्मन शब्दांच्या (‘ग्र्योस्टर फेल्डहेर आलर त्साइटन’) आरंभीच्या अक्षरांचे हे लघुरूप उपहासाने बोलले जाऊ लागले. यात दोन विनोद एकमेकांवर रचलेले आहेत. एक म्हणजे स्तुती आणि पराभव यांतील विसंगती. दुसरा म्हणजे ‘गेस्टापो’सारखी सरकारी लघुरूपे करण्याची त्या राजवटीची सवय, जी इथे तिच्या नेत्यालाच लावली आहे. मराठीत ‘सर्वश्रेष्ठ सेनापती’ यावरून ‘ससे’ असे लघुरूप करण्याचा मोह होईल, पण तो आवरावा; सशाबरोबर भित्रेपणाचा अर्थ येतो आणि तो मूळ नावात नाही. मूळ शब्द देवनागरीत ठेवून, ‘मनपा’ किंवा ‘जिप’ म्हणावे तसे हे कचेरीतले लघुरूप आहे एवढे सांगितले, की वाचकाला त्यातला डंख बरोबर कळतो. स्तुती करणारा कायटेलही सुटला नाही: हुजऱ्या या अर्थाचा ‘लाकाय’ हा शब्द त्याच्या आडनावाला जोडून जर्मन अधिकारी त्याला ‘लाकायटेल’ म्हणत.

काळाची तपासणी टाळू नये. राजवट व पक्षाविरुद्धच्या निंदेला शिक्षा देणारा कायदा जर्मनीत डिसेंबर १९३४ पासून होता आणि युद्धकाळात अशा शेऱ्यासाठी मृत्युदंडही होऊ शकत असे. त्यामुळे ही नावे कुजबुजीत जगली आणि त्यांतील पुष्कळशी कागदावर आली ती युद्धानंतर. १९५० नंतरच्या आठवणींत भेटलेले नाव १९४१ च्या प्रसंगी कोणी उच्चारले असे लिहिलेले असेल, तर त्या काळची रोजनिशी किंवा पत्र यांचा आधार पाहावा. नाव एका माणसावरून दुसऱ्यावरही सरकते. ‘लॉर्ड हॉ-हॉ’ हे नाव एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या रेडिओ समीक्षकाने १९३९ मध्ये जर्मन रेडिओवरील एका आवाजाला दिले. पुढे ते त्याच रेडिओवरून इंग्रजीत नाझी प्रचार करणाऱ्या विल्यम जॉइस याला कायमचे चिकटले.

नावातील आरोप खरा आहे असे तर मुळीच धरून चालू नये. १९४२ च्या आरंभी फिलिपीन्समधील बाटान द्वीपकल्पावर उपाशीपोटी लढणारे अमेरिकी सैनिक, कोरेहिदोर बेटावरून सूत्रे हलवणाऱ्या जनरल डग्लस मॅकार्थर यांना ‘डगआउट डग’, म्हणजे खंदकात दडून बसणारा डग, म्हणत. मॅकार्थर यांनी पहिल्या महायुद्धात वैयक्तिक शौर्य गाजवले होते आणि ते मार्चमध्ये फिलिपीन्स सोडून गेले ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने. तरीही सैनिकांचा संताप खराच होता आणि टोपणनाव त्या संतापाचा पुरावा आहे. दुसऱ्या बाजीरावाला ‘पळपुटा’ म्हणताना आपणही हा भेद क्वचितच करतो.

शारीरिक व्यंगावरील नावे मराठीत आणताना हात अडखळतो. लंगडत चालणाऱ्या, ठेंगण्या, काळ्या केसांच्या गोबेल्सला लोक ‘आकसलेला जर्मन’ म्हणत. हे नाव सौम्य करू नये आणि ‘लंगड्या’सारखा आपला शब्द घालून अधिक विखारीही करू नये. उंच, गोऱ्या, सोनेरी केसांच्या माणसाचा आदर्श सांगणाऱ्या आणि १९३३ च्या कायद्याने अपंगांची सक्तीने नसबंदी करणाऱ्या राजवटीचा प्रचारमंत्री स्वतः कसा दिसतो, हे ते नाव दाखवत होते. म्हणून अनुवादात ‘आकसलेला’ या शब्दाइतकाच ‘जर्मन’ हा शब्दही ठेवावा.